पाणी भरून झाल्यावरची पंचवीस मिनिटं

वाईत आमच्या आळीत नळाला पाणी पहाटे साडेपाचला सुटतं. पिंप, कळश्या, गच्चीवरची टाकी हे सगळं भरून होईपर्यंत सहा वाजतात आणि साडेसहाला डब्यांसाठी गॅस पेटवावाच लागतो. त्या मधल्या अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं माझी. २०१९च्या दिवाळीपासून त्या पंचवीस मिनिटांत मी लॅपटॉपवर चित्रं काढते.

मी पतसंस्थेत कर्जाची खाती सांभाळते. नववीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला 'ए' ग्रेड मिळाली तेव्हा ड्रॉइंगचे सर घरी येऊन वडिलांना म्हणाले होते, हिला पुढे शिकवा. पुढे कॉमर्स झालं, नोकरी झाली, संसार झाला, आणि सत्तावीस वर्षं हातात ब्रश आला नाही. त्या दिवाळीत भाच्याने नवा टॅबलेट घेतला आणि जुना मला दिला. सहा इंच बाय चार इंचांची काळी पाटी. तिला स्क्रीन नाही, आणि पेनात सेल नाही. पाटीच्या पृष्ठभागातूनच त्याला लागेल तेवढी शक्ती मिळते. मुलाने लॅपटॉपवर क्रिता नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते फुकट मिळतं. स्वीडिश भाषेत क्रिता म्हणजे खडू, हे समजलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पाटी आणि खडू घेऊन एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पहिलीत बसले होते.

या सहा वर्षांत जे कळलं ते लिहून ठेवते आहे. माझ्यासारखं उशिरा, घरातल्या घरात, कोणी शिकवणारं नसताना शिकणारं कोणी असेल तर त्याचे काही महिने वाचतील.

१. आधी हाताची आणि पाटीची ओळख होऊ द्या

कागदावर चित्र काढताना नजर पेन्सिलच्या टोकावर असते. बिनस्क्रीनच्या टॅबलेटवर हात टेबलावर चालतो आणि रेघ समोर दीड हात लांब उमटते. पहिल्या आठवड्यात मला साधा नारळ काढता येईना. कलश आणि नारळ हा माझा शाळेतला हातखंडा विषय. तेव्हा मी रडले आहे.

त्यातला एक दोष माझा नव्हता, हे पंधरा दिवसांनी कळलं. वर्तुळ काढलं की आडवं अंडं उमटायचं. पाटीची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात होती त्या प्रमाणात लॅपटॉपचा पडदा नव्हता, म्हणून हाताची हालचाल पडद्यावर आडवी ताणली जात होती. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये हे प्रमाण सारखं ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू केल्यावर पाटीची वरची-खालची थोडी पट्टी वापरात राहिली नाही, पण वर्तुळ गोल झालं. तिथेच पेनाच्या दाबाचा आलेखही बदलता येतो. माझा हात हलका आहे. आलेख मऊ करून घेतल्यावर रेघेसाठी पेन रेटावं लागेना. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्याच दिवशी या दोन गोष्टी तपासाव्यात. नाहीतर यंत्राची चूक आपल्या बोटांच्या माथी बसते आणि माणूस सोडून देतो.

मग तीन आठवडे मी चित्र काढलंच नाही. दोन ठिपके द्यायचे आणि एका दमात जोडायचे. मनगट स्थिर, हात कोपरातून. नंतर बारीक सुरू होऊन मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा बारीक होणारी रेघ, रांगोळीतल्या वेलीसारखी. रोज दोन पानं. विसाव्या दिवशी की कधी ते आठवत नाही, पण एका सकाळी लक्षात आलं की हात कुठे आहे याचा विचार मी करत नाहीये.

२. वेळ लहान असू दे, पण ठरलेली असू दे

सुरुवातीला मी रविवारचे तीन तास राखून ठेवले होते. रविवारी पाहुणे येतात, मोठं धुणं निघतं, लग्नं-मुंजी असतात. चार रविवारांपैकी एखादाच हाती लागायचा, आणि त्या एका रविवारावर इतकी आशा टाकलेली असायची की चित्र बिघडलं की महिनाच बिघडल्यासारखं वाटायचं.

पंचवीस मिनिटांच्या चित्राकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही, आणि तेच त्याचं बळ. आज बिघडलं तर उद्या सहा वाजता पुन्हा आहेच. शिवाय मधल्या वेळात डोकं काम करत राहतं. काल पाण्यातलं प्रतिबिंब का जमलं नाही हे मला अनेकदा पतसंस्थेत हप्त्याची पावती फाडताना सुचलं आहे.

आपली वेळ एखाद्या न टळणाऱ्या कामाला बांधावी. पाणी मी भरणारच आहे, त्यामुळे नंतरची पंचवीस मिनिटंही आपोआप येतात. आणि काय काढायचं ते आदल्या रात्रीच ठरवून झोपावं. मी चिठ्ठी लिहून पाटीवर ठेवते: 'पायऱ्या, फक्त दोन छटा', 'पिंपळाचं खोड', 'कालचंच, पण आकाश मोठं'. सकाळी विषय शोधत बसलं की पंधरा मिनिटं त्यातच जातात.

डेव्हिड हॉकनी या मोठ्या इंग्रज चित्रकाराने २००९ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, आयफोनवर बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी आयपॅडवर. पहाटे अंथरुणातूनच तो खिडकीतली फुलं आणि उगवतं आकाश रंगवायचा आणि मित्रांना पाठवायचा. कागदावर चित्र काढायचं तर दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावला की बाहेरची पहाट दिसत नाही. पडद्याला स्वतःचाच उजेड असतो. हे वाचल्यापासून मीही स्वयंपाकघरातला दिवा मालवून, खिडकीतून सोनजाईच्या डोंगरामागे उजाडताना बघत बसते.

३. एकच जागा निवडा आणि तिला सोडू नका

पहिल्या वर्षी मी काय वाटेल ते काढलं. घोडा, म्हातारी, सफरचंद, परदेशातलं बर्फातलं घर. प्रत्येक चित्र नवं, प्रत्येक अडचण नवी, आणि मागच्या चित्रात शिकलेलं पुढच्या चित्रात उपयोगी पडायचं नाही. मग एकदा सर्दीने घरात बसले असताना फोनमधले जुने फोटो चाळले. गणपती घाटाचेच चाळीसेक फोटो निघाले. मी कुठेही गेले तरी त्याच घाटावर परत येते, हे माझ्या फोनला माझ्याआधी ठाऊक होतं.

त्या दिवसापासून घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ, त्याच्यापुढच्या काळ्या पायऱ्या, कृष्णेचं पाणी, पलीकडची झाडी. आजवर ३४८ चित्रं झाली. फाइलच्या नावात आकडा टाकते.

हे देऊळ सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर आदळून दोन बाजूंना फाकावं म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत होतं, शाळेच्या सहलीत सांगतातच. पण ते मी पाहिलं मात्र अठ्ठाविसाव्या का तिसाव्या चित्रात. तोवर मी ती भिंत सपाट रंगवत होते, कारण देवळाची भिंत सपाट असते हे माझ्या डोक्यात बसलेलं. एका संध्याकाळी तिरपं ऊन पडलं होतं आणि भिंतीवर उजेड एका जागी कापल्यासारखा संपत नव्हता. वळत वळत सावलीत जात होता. डोळ्यांसमोर चाळीस वर्षं असलेली गोष्ट मला तेव्हा दिसली. सराव हाताचा असतो असं मला वाटायचं. हात तर पहिल्या वर्षातच बरा चालू लागला होता. नंतरची पाच वर्षं डोळ्यांवर गेली.

चित्रकार मोनेने फ्रान्समधल्या रुआं शहराच्या चर्चची तीसहून जास्त चित्रं केली, १८९२ आणि १८९३ साली समोरच्या इमारतींतून बघत. आपल्याकडे चित्रकार आबालाल रहिमान जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापूरला परतले. कोटितीर्थाचं पाणी, तिथली झाडं, तिथला उजेड त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. एवढ्या हाताच्या माणसांनाही एकच जागा पुरून उरली, तर मला माझ्या घाटाचा कंटाळा यायचं कारण नाही.

४. रंगाच्या आधी उजेड-अंधार

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चित्र क्रमांक ६१. सकाळचा घाट, देवळाच्या भिंतीवर कोवळं ऊन, पायऱ्यांवर पिंपळाची सावली. रंग एकेक करून जुळवले होते आणि सुटे पाहिले तर सगळे गोड. तरी चित्र मेलेलं. दोन दिवस विचार केला. मग सर शाळेत म्हणायचे ते आठवलं: डोळे किलकिले करून बघ. किलकिले केल्यावर खऱ्या घाटाचे तीनच तुकडे उरतात. आकाश आणि उन्हातली भिंत उजळ, पाणी मधलं, पायऱ्या आणि झाडी गडद. माझं चित्र किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं तर सगळंच मधलं. सावलीला मी जांभळा रंग दिला होता, पण तो उन्हाच्या पिवळ्याइतकाच उजळ होता. रंग बदलला होता, उजेड बदललाच नव्हता.

संगणकावर हे तपासणं अगदी सोपं आहे. सगळ्यात वर एक नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घ्यायचा, त्यात करडा रंग भरायचा आणि त्याचा मोड 'कलर' करायचा. खालचं चित्र कृष्णधवल दिसू लागतं. त्या लेयरच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की रंग परत. हा लेयर आता माझ्या प्रत्येक फाइलमध्ये सुरुवातीपासून असतो.

तेवढ्यावर थांबले नाही. पुढचे चार महिने रंग पूर्ण बंद केले. फक्त तीन करडे, त्यांतच घाट. मोठा ब्रश, चित्र पडद्यावर आगपेटीएवढं लहान ठेवलेलं. आगपेटीएवढ्या चित्रात देऊळ, पाणी आणि सावली ओळखू आली तरच पुढे जायचं. या चार महिन्यांत दाखवण्यासारखं एकही चित्र झालं नाही. पण नंतर रंग परत घेतले तेव्हा कोणता रंग घ्यावा याची पूर्वीसारखी धास्ती राहिली नव्हती. उजेड बरोबर असेल तर रंगात बरीच मोकळीक मिळते. पायऱ्या हिरवट घ्या, निळसर घ्या, तपकिरी घ्या, त्या पायऱ्याच दिसतात.

लांबच्या डोंगरांचंही तसंच. पांडवगड दूर आहे हे दाखवायला तो निळा करून भागत नाही. त्याचा गडदपणा कमी करावा लागतो, कडा थोड्या विरवाव्या लागतात. मी कित्येक महिने त्याला गडद निळा देत होते आणि तो घाटाच्या मागच्या गल्लीत आल्यासारखा दिसायचा.

५. झेंडूशेजारचा दगड

घाटावर झेंडूच्या फुलांचा ढीग होता. शेजारच्या पायरीचा दगड मला स्वच्छ निळसर दिसला. घरी येऊन फोटोवर रंग उचलायचं ड्रॉपर टेकवलं, तर निव्वळ करडा. मी चक्रावले. कोण खोटं, डोळा की यंत्र?

दोघंही खरे. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात मिशेल शेव्रॉल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभाग सांभाळायचा. गालिचे-पडद्यांतला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर काळ्या रंगात काही खोट नव्हती. शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. त्यातून त्याने शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर मोठं पुस्तक काढलं. नारिंगीशेजारी करडा ठेवला की डोळा त्याला निळ्याकडे ढकलतो.

म्हणून फोटोतून थेट रंग उचलून चित्रात लावायचा नाही, असं पथ्य मी घालून घेतलं. आधी डोळ्याने बघून रंग ठरवायचा, लावायचा, आणि नंतर ड्रॉपरने पडताळा घ्यायचा. किती चुकलो ते तिथेच कळतं. सुरुवातीला मी सावली नेहमी फार काळी आणि ऊन फार पांढरं धरायचे. आठ-दहा महिन्यांत अंदाज जवळ येऊ लागला.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पडदा उजेडाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. दिवाळीला एक चित्र छापून भेटकार्डं केली, तर पाण्याचा झळझळीत हिरवा-निळा मातकट होऊन आला. छापायचं असेल तर छापणाऱ्याशी आधी बोलावं आणि एक नमुना काढून बघावा.

६. मागे जाण्याची कळ

कंट्रोल आणि झेड एकत्र दाबलं की शेवटची रेघ पुसली जाते. पहिली दोन वर्षं माझी डावी करंगळी त्या कळेवरच असायची. एक रेघ बारा वेळा काढून पुसायची आणि तेराव्यांदाही ती पहिल्यासारखीच यायची. कारण चुकलेली रेघ मी नीट बघतच नव्हते. ती दिसायच्या आत नाहीशी करत होते.

परीक्षेला आम्ही जलरंगात काम करायचो. तिथे सांडलेला थेंब परत येत नाही. त्याला बाजूच्या झाडात नाहीतर ढगात सामावून घ्यावं लागायचं, आणि त्यातून चित्र कधी कधी ठरवलं होतं त्याहून चांगलं व्हायचं. ती मजा मी घालवून बसले होते. म्हणून सोमवार ते गुरुवार ती कळ बंद. रेघ चुकली तर तिच्यावर दुसरी काढायची, चुकलेली तिथेच राहील. शुक्रवार-शनिवारी मोकळीक. मन इतकं शांत होईल असं वाटलं नव्हतं.

७. लेयर आणि ब्रश यांबद्दल थोडंसं

क्रितामध्ये शंभराहून जास्त ब्रश तयार मिळतात. मी तीन वापरते: एक कडक कडेचा, एक मऊ, एक खरबरीत. लेयर सुरुवातीला तीस-तीस व्हायचे, आणि मी देवळाच्या लेयरवर समजून आकाशात खिडक्या काढायचे. आता तीन-चार पुरतात. कोणाला मोठ्या कामाची रचना बघायची असेल तर डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराची 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा बघावी. ती क्रितातच केलेली आहे आणि तो आपल्या मूळ फाइल सगळ्यांसाठी खुल्या ठेवतो. मी एक रविवार त्यातली एक फाइल उघडून नुसते लेयर चालू-बंद करत बसले होते.

८. इतरांची चित्रं कशी बघावीत

२०२१ साल माझ्यासाठी वाईट होतं. फोनवर रोज रात्री इतरांची चित्रं बघायचे. वीस वर्षांची मुलं, काय हात! मिनिटभराच्या व्हिडिओत कोऱ्या पडद्यावरून राजवाडा उभा राहतो. त्या मिनिटामागे वीस तास असतात हे डोक्याला कळतं, पण रात्री अकराला थकलेल्या जिवाला कळत नाही. मीही चित्रं टाकायचे आणि सकाळी पाणी भरायच्या आधी किती जणांना आवडलं ते बघायचे. कमी आकडा आला की त्या दिवशीची पंचवीस मिनिटं मनावर ओझं घेऊनच सुरू व्हायची. हळूहळू मी लोकांना आवडेल असं काढू लागले, लाल सूर्य आणि चमचमतं पाणी, आणि माझा करडा घाट मागे पडला.

मी वर्षभर चित्रं टाकणं थांबवलं. बघणं थांबवलं नाही, पण रीत बदलली. आठवड्याला एकच चित्र निवडायचं, एकाच चित्रकाराचं, आणि त्याच्यासमोर वही घेऊन बसायचं. उजेड कुठून येतो? सगळ्यात गडद जागा कोणती? कुठली कड धारदार आहे, कुठली विरलेली? नजर आधी कुठे जाते? मग छोट्या आकारात त्याची करड्या रंगातली नक्कल. ज्या चित्राचा हेवा वाटतो त्याच्यासमोर असं अर्धा तास बसलं की हेवा उरत नाही. आपण ते शिकत असतो, आणि शिकवणाऱ्याबद्दल मनात माया येते.

ही नक्कल वहीपुरती, स्वतःचं चित्र म्हणून ती कुठे लावायची नाही.

९. दुखलं तर थांबा

तिसऱ्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली. मी ती दोन महिने अंगावर काढली, कारण रोजचा नेम मोडायचा नव्हता. शेवटी पातेलं उचलता येईना तेव्हा डॉक्टरांकडे गेले. पट्टा आणि तीन आठवडे पूर्ण विश्रांती.

चूक पकडीत होती. भीती वाटली की मी पेन घट्ट धरायचे. आता पेनाला जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळून ते जाड केलंय, दाबाचा आलेख आणखी मऊ केलाय, आणि दर दहा मिनिटांनी हात सोडून खिडकीबाहेर लांब बघते.

त्या तीन आठवड्यांत मी सहा वाजता घाटावर जाऊन नुसती बसले. ग्रेड परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असायचा. तोच अभ्यास हाताशिवाय केला: दहा मिनिटं बघायचं, डोळे मिटायचे, मनात चित्र मांडायचं, डोळे उघडून पडताळायचं. पायऱ्या किती? नऊ म्हणाले, अकरा निघाल्या. हात बरा झाल्यावरचं पहिलं चित्र आजारपणाआधीच्या शेवटच्या चित्रापेक्षा चांगलं होतं.

खंड इतर कारणांनीही पडतो. मार्चअखेर असते, घरात दुखणं-खुपणं असतं. पूर्वी मी चुकलेल्या दिवसांची भरपाई करायला जायचे, एकदम तीन चित्रं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा बंद. आता खंडानंतरचा पहिला दिवस ठिपके जोडण्याचा. एवढंच.

१०. ज्याला ती जागा माहीत आहे त्याला दाखवा

सासूबाई आमच्याकडे येईपर्यंत माझी चित्रं बघणारे दोघंच. हे म्हणायचे "छान", मुलगा म्हणायचा "आई, भारी". दोघांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण त्यातून शिकायला काही मिळत नव्हतं.

सासूबाईंनी लग्नानंतर चाळीस वर्षं त्या घाटावर धुणं धुतलं. एका सकाळी त्या चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हे कुठल्या महिन्यातलं गं?"

"श्रावणातलं, आई."

"श्रावणात ही पायरी दिसंल का? पाणी इथवर असतं." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आणि पाणी असं निळं नसतं तेव्हा. चहा असतो नुसता."

मी फोटो काढून बघितला. बरोबर होतं. गढूळ पाण्यात प्रतिबिंबही धड पडत नाही, आणि मी आरशासारखं देऊळ उतरवलं होतं, कारण प्रतिबिंब मला छान जमायला लागलं होतं. जे जमतं ते मी सगळीकडे घालत होते.

तेव्हापासून चित्र त्यांच्या नजरेखालून जातं. त्यांना छटा, कड हे शब्द माहीत नाहीत. "हितं पाय घसरंल" म्हणाल्या की मी समजते, पायरीचा उतार चुकलाय. आणि गेल्या हिवाळ्यात त्यांनी विचारलं, "तुझ्या घाटावर कुणी येत नाही का गं? इतकी चित्रं काढलीस, एक बाई नाही, एक पोर नाही."

मला उत्तर देता आलं नाही. माणसं अवघड असतात म्हणून मी ती टाळत आले होते, आणि टाळतेय हे विसरूनही गेले होते.

११. पहिलं चित्र जपून ठेवा

दर दिवाळीत पाडव्याला मी माझं घाटाचं पहिलं चित्र उघडते आणि तेच पुन्हा काढते. तीच चौकट, तोच कोन. आधीची सगळी शेजारी लावली की वर्ष कुठे गेलं ते दिसतं. दुसऱ्या वर्षी रेघ सुधारली होती, तिसऱ्या वर्षी उजेड आला, चौथ्या वर्षी पाणी ओलं झालं.

यंदा सासूबाईंचं बोलणं मनात ठेवून पहिलं चित्र उघडलं. देऊळ कललेलं, पायऱ्या शिडीसारख्या, पाणी शाळेच्या रंगपेटीतल्या निळ्याचं. आणि कडेला, मी पार विसरले होते, एक मुलगा. चड्डीतला, दोन्ही हात पसरलेला, पाण्यात उडी घ्यायच्या बेतात. कुठल्याही फोटोतून घेतलेला नाही, आठवणीतून काढलेला. दुसऱ्या वर्षीच्या चित्रात तो नाही, त्यानंतर कुठेच नाही.

पाडव्यापासून मी त्यालाच काढते आहे. शरीराचा तोल पुढे गेलेला, टाचा उचललेल्या, उन्हाची कड खांद्यावर. आधी तीन करड्यांत, आगपेटीएवढा. एकविसाव्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "आता पडंल हा पाण्यात." डावा हात अजून जमलेला नाही, तो खांद्यातून उगवल्यासारखा न दिसता चिकटवल्यासारखा दिसतो. आज रात्रीच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: 'डावा हात, फक्त खांदा ते कोपर'.